पाहुणीचा ताळा

बंदराच्या दोरखान्याच्या वरच्या मजल्यावर घड्याळखोली होती आणि तिथल्या यंत्रांना नाती होती. ती सगळी बाबांनी जोडलेली. कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात जे अणुघड्याळ होतं, त्या सासूबाई. का, असं विचारलं की बाबा म्हणायचे, "सगळ्यांचं चुकतं, त्यांचं चुकत नाही." दीपगृह, पाण्याची टाकी, धान्याची कोठी आणि धक्क्याच्या टोकावरची खोली अशा चार ठाण्यांवर चार रेडिओ बसवले होते, त्या सुना. सासूबाई दर सेकंदाला रेडिओवरून एक ठोका पाठवायच्या. सुनांनी तो ऐकून आपली वेळ जुळवून घ्यायची. पाचवा रेडिओ खांद्याच्या पिशवीत मावणारा. तो ठाण्याठाण्यांवर फिरायचा, प्रत्येक सुनेशेजारी चार-पाच दिवस बसायचा आणि तिला सासूबाईंचं बोलणं किती उशिरा ऐकू येतं ते मोजायचा. ती पाहुणी.

उशिरा ऐकू येतं म्हणजे किती? सेकंदाचे शंभर कोटी तुकडे केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात रेडिओची लहर फूटभर जाते. अँटेनातून केबलमध्ये, केबलमधून रेडिओत आणि रेडिओतल्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडेपर्यंत असे शेकडो तुकडे खर्ची पडतात, आणि प्रत्येक ठाण्यावर वेगवेगळे. तो खर्च नेमका ठाऊक असेल तर चार ठाणी मिळून कुठलीही बोट बंदरात कुठे आहे ते सांगतात, आकाशातल्या उपग्रहाकडे न बघता. बंदराला हे सुचलं त्याला कारण होतं. मागच्या वर्षी उपग्रहाचे संकेत दोनदा बिघडले, आणि धुक्याच्या एका सकाळी एक मालवाहू बोट पडद्यावर चक्क डोंगर चढताना दिसली. ती खरोखर कुठे होती हे कळेपर्यंत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

बाबांची मुलगी ह्याच खोलीत काम करायची, तिला सगळे लेक म्हणायचे. बारा वर्षं झाली होती तिला ह्या धंद्यात, दोन ठिकाणी नोकऱ्या करून स्वतःच्या हिमतीवर ती इथे आली होती, तरी लेकच. आधी तिला राग यायचा. गेले त्रेचाळीस दिवस येत नव्हता.

बाबा गेले ते फेरी पूर्ण करून. चार ठाणी, एकोणीस दिवस. संध्याकाळी पाहुणीची पिशवी घेऊन घरी आले, ती आपल्या खोलीत टेबलावर ठेवली, वायर भिंतीला लावली, जेवले, आणि आईला म्हणाले की उद्या सकाळी हिला सासूबाईंसमोर उभी करतो की सुटलो. सकाळी ते उठलेच नाहीत.

त्यामुळे राहिला तो ताळा. बेरीज केली की ताळा घ्यायचा, तसाच हा. निघताना पाहुणी सासूबाईंशी ताडून पाहायची, फेरी झाल्यावर परत ताडायची. दोन्ही वेळचं उत्तर एकच आलं तर मधल्या फेरीत ती कुठे बिघडली नाही असं धरायचं. पाच नॅनोसेकंदांपर्यंत फरक चालतो. त्याहून जास्त आला तर फेरीतले सगळे आकडे रद्द.

गुरुवारी तपासनीस बाई येणार होत्या. त्यांनी मान्यता दिली तर धुक्याचे महिने लागण्याआधी यंत्रणा सुरू, नाहीतर वर्षभर थांबा. सोमवारी सकाळी लेकीनं बाबांच्या खोलीतून पिशवी उचलली, घड्याळखोलीत नेली, पाहुणी सुरू केली, तीन तास तापू दिली आणि ताळा घेतला.

"तेहतीस," ती म्हणाली.

पलीकडच्या टेबलावरून काटकोनानं मान वर केली. हा बाबांचा वीस वर्षांपासूनचा सहकारी. कागदपत्रं, कार्यपद्धती, सह्या सगळं त्याच्याकडे. बसतानाही पाठ आणि मांडी यांच्यात नव्वद अंशांहून कमीजास्त व्हायचं नाही, म्हणून हे नाव.

"तेहतीस काय?"

"नॅनोसेकंद. ताळा."

"केबली उलटसुलट केल्यास?"

"तीनदा. केबलीचा फरक अर्धाही नाही. तेहतीस म्हणजे तेहतीस."

काटकोन उठून आला. पडद्याकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "पोरी, मला वाईट वाटतं. पण पाचच्या पुढे गेलं की रेघ मारायची, हा नियम मी नाही केला. तुझ्या बाबांनीच केला."

"माहीत आहे. मी त्यांना टाईप करून दिला होता."

बातमी जिना उतरली तशी बंदरसाहेब जिना चढून वर आले. मोठा माणूस, मनानं चांगला. फक्त तोंड उघडायच्या आधी विचार करायची सवय नव्हती. "होतं असं," ते म्हणाले. "माणूस सोन्यासारखा. पण शेवटी शेवटी हात थरथरायचे त्यांचे. मी पाहिलंय ना."

"चहाच्या कपाला थरथरायचे," लेक म्हणाली. "केबलीला नाही."

साहेब काटकोनाकडे बघायला लागले. काटकोन स्वतःच्या बुटांकडे.

"मला गुरुवारपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली. "आकडे खरंच चुकले असतील तर रेघ मीच मारीन. उद्या धुक्यात ह्या आकड्यांच्या भरवशावर माणसं बोटी आत आणणार आहेत. ते माझ्या बाबांचे आहेत म्हणून त्यांना सूट नाही. पण का चुकले ते कळल्याशिवाय मी पेन उचलणार नाही."

तिला बाबांची बाजू घ्यायची नव्हती. तेहतीस ह्या आकड्याचीच तिला शंका येत होती. थकलेल्या माणसाची चूक अशी नसते. ती कधी चारची, कधी शंभराची, कशीही विस्कटलेली असते. हा आकडा दिवसभरात जागचा हलला नव्हता. इतकी टापटीप चूक करणारा माणूस तिला माहीत नव्हता.

मंगळवार तिनं यंत्राला दिला. तापमान बदलून पाहिलं, कनेक्टर पुसले, अँटेनाचा दुभाजक बदलला. तेहतीस. सव्वाबत्तीस. तेहतीस. संध्याकाळी हात हलवत घरी आली.

आई बाबांच्या कपाटातले शर्ट पलंगावर काढून बसली होती. द्यायचे एकीकडे, ठेवायचे दुसरीकडे. ठेवायचा ढीग छातीपर्यंत आला होता, द्यायच्यात एक टाय होता.

"ही कसली वाटणी, आई?"

"त्यांना टाय आवडायचा नाही," आई म्हणाली. "बस. काय झालं? तोंड बघ तुझं."

लेकीनं सांगितलं. आईला नॅनोसेकंद कळत नसत, पण चाळीस वर्षं त्यांच्यासोबत संसार केल्यामुळे फेरी, ताळा आणि रेघ हे तिन्ही शब्द कळत. ती शर्टाची बाही सरळ करत ऐकत राहिली.

"म्हणजे पाहुणी बदलली," आई म्हणाली.

"हो. जाताना एक सांगत होती, आल्यावर दुसरंच सांगतेय."

"मग विसरली असेल."

"यंत्रं विसरत नाहीत, आई."

"हे म्हणायचे, ती विसरते. पहिल्या दिवशी पिशवी घेऊन निघाले ना, तेव्हा दारात उभं राहून मला बजावलं. हिला कुणी बंद करायचं नाही. ही झोपून उठली की कुठे होती ते विसरते. मी म्हटलं, तुमच्यासारखीच की मग." आई किंचित हसली. "मला वाटलं, लाडानं बोलतायत. गाडीतसुद्धा बॅटरीवर चालू ठेवून न्यायचे."

ते लेकीलाही आठवलं. तिनंच चिडवलं होतं, पाहुणी आहे की तान्हं मूल, दर दोन तासांनी पाजायला लागतं! बाबा म्हणाले होते, नव्या सॉफ्टवेअरवर माझा अजून विश्वास बसलेला नाही, बसला की सांगेन.

तिनं बाबांच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. तिला बाबा गेल्यानंतरची नववी संध्याकाळ आठवली. नातेवाईक तेराव्याला येतो म्हणून गेले होते, घर एकदम मोठं झालं होतं. त्या खोलीत अंधारात हिरवा दिवा जळत होता आणि पाहुणीच्या पोटातला बारका पंखा भुणभुणत होता, बाबा अजून आत काही काम करत बसलेत असा. तिला ते सहन झालं नाही. तिनं आत जाऊन वायर ओढली, बटण दाबलं आणि दिवा विझेपर्यंत धरून ठेवलं.

"तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

आईनं शर्टाची घडी केली, मोडली, परत केली. "तू बाहेर आलीस तेव्हा तुझ्याकडे बघून काही सांगावंसं वाटलं नाही," ती म्हणाली. "आणि मला त्या भुणभुणीची सवय झाली होती. ते तरी कुठे सांगितलं?"

मग लेक उठली आणि शर्टांच्या बाजूलाच एका कागदावर भागाकार करायला लागली. पाहुणीच्या पोटात एक स्फटिक असतो. त्याचे ठोके सेकंदाला तीन कोटी वीस लाख. सुरू होताना ती त्यातला एक ठोका आपला पहिला म्हणून धरते आणि तिथून पुढे मोजते. ती दर वेळी तोच ठोका धरते, असं सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी छातीठोकपणे लिहिलं होतं. पण समजा, कधीमधी ती एक ठोका पुढचा धरत असेल तर? दोन ठोक्यांमधलं अंतर किती?

सव्वाएकतीस नॅनोसेकंद.

तेहतीसातून सव्वाएकतीस गेले, उरले पावणेदोन. पाचच्या आत. चांगलंच आत.

"आई," ती म्हणाली, "विसरते गं ती."

"मी तेच तर म्हणत होते," आई म्हणाली आणि टायही ठेवायच्या ढिगात टाकला.

बुधवारी सकाळी आठ वाजता लेकीनं पाहुणीला बंद-चालू करायला घेतलं. चाळीस वेळा. दर वेळी बंद, पाच मिनिटं थांबायचं, चालू, सासूबाईंशी ताडायचं, आकडा लिहायचा. दुपारपर्यंत काटकोनाचा संयम सुटला. "झोपू दे गं तिला!" पण चार वाजता तो स्वतःच खुर्ची ओढून शेजारी आला. कागदावर दोनच ढीग पडले होते. सव्वीस आकडे इकडे, चौदा तिकडे, आणि मध्ये सव्वाएकतीसचं मोकळं मैदान. त्यात चुकून एकही आकडा नव्हता.

"म्हणजे बंद केली की दोनातली कुठली जागा घेईल सांगता येत नाही," काटकोन म्हणाला.

"आणि बंद केली नाही तर जागची हलत नाही."

"ठीक. पण हे झालं 'होऊ शकतं' एवढंच. झालं होतं हे कशावरून? फेरीच्या मध्येच कुठे बंद पडली असेल तर? टाकीवर कुणाचा पाय अडकून वायर निघाली असेल तर? मग दोन ठाण्यांचे आकडे एका जागेवरचे, उरलेल्या दोहोंचे दुसऱ्या."

"म्हणून हे बघा." तिनं पाहुणीची स्वतःची नोंद पडद्यावर उघडली. यंत्र कधी सुरू झालं, कधी थांबलं, ते यंत्रच लिहून ठेवत होतं. फेरीच्या पहिल्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सुरू. त्यानंतर सलग अठ्ठावीस दिवस, एकदाही खंड नाही. मग थांबली, संध्याकाळी पाच बेचाळीसला.

काटकोनानं बोटांवर मोजलं. "फेरी एकोणीस दिवसांची. वर नऊ. म्हणजे ते गेल्यावर नवव्या दिवशी ही बंद झाली. कुणी केली?"

"मी."

मग त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाला, "कार्यपद्धतीत बंद करू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. मी लिहायला हवं होतं. ते मला दोनदा म्हणाले होते. मी म्हटलं, पुरावा आणा मग कलम घालतो."

"आता आणला त्यांनी," लेक म्हणाली.

तपासनीस बाई गुरुवारी बरोबर दहाला आल्या. बुटकी, पांढऱ्या केसांची बाई, हातात फाईल नाही, फक्त पेन्सिल. त्यांनी तेहतीस ऐकलं, चाळीस आकडे पाहिले, नोंद दोनदा वाचली. "कोणी बंद केली?" त्यांनीही विचारलं. लेकीनं सांगितलं. कधी, कुठे, किती वाजता. का, ते त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

"तुमचा तर्क मला पटतो," बाई म्हणाल्या. "पण पटलं म्हणून मी सव्वाएकतीस वजा करू देणार नाही. वजाबाकी करून ताळा जमवायला कुणालाही येतं. मला पडद्यावर बोट दाखवा."

"तीच दाखवायची आहे," लेक म्हणाली.

चाचणी साधी होती. धक्क्यावर बोटी बांधायचा एक लोखंडी खुंट होता. त्याची जागा मोजणीवाल्यांनी फीत लावून इंचभर फरकानं ठरवलेली. त्याला बोट आवळून बांधायची, बोटीवरून संकेत पाठवायचा, चार ठाण्यांनी तो ऐकायचा आणि बाबांचे चार आकडे वजा करून बोट कुठे आहे ते सांगायचं. एका ठाण्याचा जरी आकडा त्या सव्वाएकतीसनं घसरलेला असेल तर बोट आठ-नऊ मीटर भलतीकडे दिसणार.

"नऊ मीटर म्हणजे आमच्या उपाहारगृहात," बंदरसाहेब म्हणाले. "गल्ल्याशेजारी."

"आणि उपग्रह?" बाईंनी पेन्सिल उगारली. "ठाण्यांवर त्याचेही अँटेना दिसतायत मला. ते चोरून मदत करत नाहीत कशावरून?"

"झाकलेत," लेक म्हणाली. "तीन ठाण्यांवर लोखंडी बादल्या, टाकीवरचा अँटेना रुंद आहे म्हणून तिथे घरचं मोठं पातेलं. पालथं."

"पातेलं?"

"पत्र्याखालून उपग्रह ऐकू येत नाही. बाबांची पद्धत आहे. कार्यपद्धतीत आहे ती."

"कलम अकरा," काटकोन ताठ बसून म्हणाला.

बोटवाल्या काकांनी बोट खुंटाला अशी आवळली की फळ्या करकरल्या. त्यांनी हात वर केला. घड्याळखोलीच्या पडद्यावर बंदराचा नकाशा होता, खुंटाच्या जागी एक काळा ठिपका. लेकीनं बटण दाबलं. 

पडद्यावर लाल ठिपका उमटला. काळ्याला चिकटून.

"एक मीटर वीस," काटकोनानं वाचलं.

"परत," बाई म्हणाल्या.

नव्वद सेंटिमीटर. परत. एक मीटर दहा. बाईंनी बोट दुसऱ्या खुंटाला न्यायला लावली, मग तिसऱ्या. प्रत्येक वेळी लाल ठिपका काळ्याच्या कुशीत. सातव्या वेळी बाईंनी पेन्सिल कानामागे खोवली.

"कोणी केली होती ही फेरी?"

"माझ्या बाबांनी."

"हात चांगला होता त्यांचा," बाई म्हणाल्या. बंदरसाहेब खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसल्यासारखे बघायला लागले.

मान्यतेच्या कागदावर तीन रकाने होते. मोजणी करणारा, तिथे बाबांची सही होतीच, फेरीच्या शेवटच्या दिवसाची, जराशी खाली उतरत गेलेली. ताळा घेणारा, तिथे लेकीनं केली. तिसरी तपासनीस बाईंची. तेहतीस हा आकडा खोडला नाही. बाईंच्या सांगण्यावरून तो तसाच ठेवला, शेजारी कारण लिहिलं, आणि नोंदीची नक्कल जोडली. मग काटकोन कार्यपद्धतीचं बाड घेऊन बसला.

"कलम बारा. फेरीच्या सुरुवातीपासून ताळा होईपर्यंत फिरता रेडिओ बंद करू नये. कारण?"

"बंद केल्यास विसरते."

"विसरते हा तांत्रिक शब्द नाही."

"कळत नाही का कुणाला?"

"कळतं," काटकोन म्हणाला.

"मग राहू दे."

त्यानं दोनदा पेन उचललं, दोनदा ठेवलं. शेवटी लिहिलं, आणि खाली रेघ ओढून कलम सुचवणाऱ्याच्या जागी बाबांचं नाव घातलं.

शनिवारी यंत्रणा सुरू झाली. पुढच्या आठवड्यात ह्या मोसमातलं पहिलं धुकं आलं, इतकं की दोरखान्यातून धक्का दिसेना. त्यातून सहा बोटी एकापाठोपाठ आत आल्या, खुंटांना लागल्या, आणि काही विशेष घडलं नाही. बोटवाले काका जिना चढून फक्त एवढंच सांगायला आले की काही घडलं नाही.

दुसऱ्या फेरीची तयारी सुरू झाली होती. पाहुणी आदल्या संध्याकाळपासून बाबांच्या टेबलावर भुणभुणत होती. वायर आईनंच भिंतीला लावली होती. लेक पिशवीत केबली भरत होती तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अगं, माझं मोठं पातेलं कुठे आहे? दहा दिवस शोधतेय."

लेकीचा हात केबलीवरच थांबला.

"टाकीवर," ती म्हणाली.

"अजून?"

"अजून. पालथं." तिला हसू फुटलं, इतक्या दिवसांनी की आधी तिलाच ते ओळखू आलं नाही. "बादल्या परत आल्या, पातेलं राहिलं. टाकीवरच्या सुनेला दहा दिवस उपग्रह दिसलेला नाही, आई. धुक्यात सहा बोटी आल्या, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही."

आईला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिनं बाबांच्या खोलीत डोकावून हिरवा दिवा पाहून घेतला.

"बरं, मग राहू दे तिथेच," ती म्हणाली. "मी दुसरं काढते."